कूस

सूरच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर
आमची शिकवायची खोली. एसी सोळावर अडकलेला.
टेबलावर प्लास्टिकचा माणूस, पोटाचं झाकण उघडं.
त्याचं यकृत दर सत्रात कुणीतरी उलटं बसवतं
आणि डावं मूत्रपिंड गेल्या रमझानपासून सापडत नाही.
उस्ताझा, एकावरही माणूस जगतो, म्हणते झुवैना.
जगतो, बाई. पण परीक्षेत दोन लिही.

पाठीचे मणके मोजायला
मी त्यांना एकमेकींच्या मागे उभं केलं.
मानेचे सात, पाठीचे बारा, कमरेचे पाच,
मग त्रिकास्थी, आणि अगदी शेवटचं ते टोक.
माझ्या तोंडून मराठीच निघालं : माकडहाड.
अर्थ सांगितला तशा पाचही जणी इतक्या हसल्या
की मौझाचं पेन घरंगळत खाटेखाली गेलं.
सोळा वर्षं इथे अरबी शिकतेय मी.
माझ्याकडून तिकडे गेलेला हा एकच शब्द.

वॉर्डात तोच चालतो आता.
"उस्ताझा, अकरा नंबरचं माकडहाड लाल आहे."

अकरा म्हणजे खलफान. उजवं अंग गेलेलं,
वाचा अर्धीमुर्धी.
उमेदीची सगळी वर्षं खाडीकाठी होड्या बांधण्यात गेली.
डाव्या हाताला अजून रंध्याचे घट्टे,
आणि बरगड्या अशा वर आलेल्या
की नाडी मोजायची सोडून मुली त्याच मोजत बसतात.

हात छातीवर घ्या. पलीकडचा गुडघा वाकवा.
ओढायचं नाही. चादरीवर ओढलेली कातडी
आतून सुटते, वरून कळतही नाही.
तीनला एकदम. पाठीशी उशी, गुडघ्यांत उशी,
टाच अधांतरी. कान दुमडलेला नाही ना, बघा.
पुस्तकात कान नाही. माझ्यात आहे,
कारण तो मी एकदा विसरले होते.

दर दोन तासांनी कूस बदला, म्हणायचं असतं मला.
अरबीत म्हणते, बाजू बदला.
बाजूला एक शब्द आहे त्यांच्यात, गर्भाशयाला दुसरा.
आमच्यात जिच्यात वाढतो तीही कूस,
जिच्यावर झोपतो तीही.
हे सांगितलं तेव्हा कुणी हसलं नाही.
झुवैना चौथ्या महिन्यात होती. डाव्या कुशीवर झोप, म्हटलं.

मग तो मंगळवार.
तक्त्यावर मौझाने दोनचा आकडा घातला, खाली सही.
घड्याळात पावणेतीन.
खलफान अजून उताणेच.
मला दिसलं. त्यांनाही दिसलं असावं.
डावा हात वर आला, पालथा झाला,
अंथरुणावर हळूच कलंडला.
"होडी," म्हणाले. पुढचा शब्द येईना. आम्ही थांबलो.
"ओहोटी. एका बाजूवर."
पुन्हा थांबलो. सलाइनचे थेंब पडत राहिले.
"ठेवली तशीच... तर फळी..."
आणि पाचही बोटं फाकवली, सांधे उकलावेत तशी.

मी काही बोलले नाही. बोलायला उरलंच काय होतं?
मौझाने दोनवर एकच आडवी रेघ मारली,
शिकवली होती तशी, खालचं वाचता येईल अशी.
शेजारी पावणेतीन लिहिलं. सही केली.
सही थोडी हलली.

मग तिघींनी त्यांना कुशीवर घेतलं.
लाल जागेवर अंगठा ठेव, म्हटलं. दाब.
पांढरं पडलं.
सोड. मोज.
एक. दोन.
तीनच्या आत रक्त परत आलं,
आणि मौझाने रोखलेला श्वास सोडला तो मी ऐकला.

वहीत तिने नोंद केली, उजवीकडून डावीकडे :
माकडहाड. लाली परतते.
पुढची वेळ, पावणेपाच.